संगणकातली झाडं वाकू लागली

निरुपमा सबनीस रोज सकाळी सयाजीगंजातल्या ऑफिसात पोचायची, डबा टेबलाच्या खणात ठेवायची, संगणकावरचं प्लास्टिकचं आवरण काढायची आणि विश्वामित्रीला पूर आणायची. कधी लहान, कधी मोठा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाणी पुलाच्या कमानीला टेकलेलं असे आणि दुपारच्या चहाला ओसरायला लागे. शेजारच्या टेबलांवरची मंडळी रस्त्यांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे हिशेब करत बसलेली असत; हिच्या पडद्यावर मात्र निम्मं बडोदं दिवसातून एकदा तरी भिजून निघायचं.

गंमत अशी, की खरी विश्वामित्री त्या ऑफिसापासून पायी जाण्यासारखी होती आणि निरुपमा तिच्या काठावर कधी उतरलीच नव्हती.

तिचे वडील वामनराव संस्थानच्या पाटबंधाऱ्यांवर नोकऱ्या केलेल्या घराण्यातले. मुलगी सिव्हिल इंजिनिअर झाली तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तिला सांगण्यात आलं, "बेन, साइटवर चिखल असतो, आणि या नदीत तर मगरी. तुम्ही आत बसा." आत बसायला तेव्हा नुकताच एक संगणक आला होता. त्याची सगळ्यांना भीती वाटायची, म्हणून तो निरुपमाच्या वाट्याला आला. पुढं नव्वदचं दशक निम्मं सरलं, गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले, ऑफिसातल्या प्रत्येकाला त्या खोलीत डोकवावंसं वाटू लागलं. तोवर ती खोली निरुपमाची झाली होती. खिडकीत तिची तुळस होती आणि भिंतीवर नदीचा लांबलचक नकाशा.

ऑफिस जयवंतराव शिर्क्यांचं. सरकारी नोकरी सोडून त्यांनी पाण्याच्या कामांचा सल्ला देणारं हे ऑफिस काढलं होतं, आणि नदीचा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. पांढऱ्या झुबकेदार मिशा, कडक इस्त्रीचा बुशकोट. त्या प्रोग्रामबद्दल कोणी वावगा शब्द काढला, तर घरच्या मुलाला बोल लावल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा.

प्रोग्राम होताही चांगला. काकडीच्या चकत्या कराव्या तसे नदीचे आडवे काप करायचे, प्रत्येक कापाला एक आकडा द्यायचा. तो आकडा म्हणजे पात्राचा खडबडीतपणा. सिमेंटच्या कालव्याला लहान आकडा, दगडगोट्यांना त्याहून मोठा, झाडीला सगळ्यांत मोठा. आकडा जेवढा मोठा, तेवढं पाणी अडखळणार आणि चढणार. वडाला तोच आकडा, बाभळीला तोच, आणि चिखलात माजणाऱ्या बेशरमीच्या झुडपांनाही तोच.

आदल्या वर्षीच्या पुरात दोन पुलांमधल्या पट्ट्यात घरोघरी पाणी शिरलं होतं. दोन्ही काठांवरची झाडं सरसकट काढून टाकावीत, असं एका सरकारी खात्याच्या मनात आलं. झाडं काढली तर पाणी किती उतरेल, हे सांगायचं काम जयवंतरावांकडे आलं आणि जयवंतरावांकडून निरुपमाकडे.

तिनं आधी जुने पूर चालवून पाहिले. पडद्यावरचं पाणी खऱ्या पाण्याइतकं चढतंय ना, ही पहिली परीक्षा. झाडीचा आकडा लहान पुराला जुळवला, की मोठ्या पुराला पाणी पुरुषभर जास्त चढायचं. मोठ्याला जुळवला, की लहान पूर पात्रातच राहायचा. आठवडाभर ती त्या आकड्याशी झगडत राहिली.

"मधला घे," जयवंतराव म्हणाले. "थोडं इकडे, थोडं तिकडे चालतं."

"थोडं नाही साहेब, पुरुषभर आहे."

"मग मोजणाऱ्यांचं चुकलं असेल."

"मी एकदा जाऊन बघून येते."

"बघायचं काय आहे त्यात? सर्व्हेचे नकाशे आहेत ने!"

"नकाशावर झाडांच्या जागी नुसते गोल आहेत, साहेब. सगळे एकसारखे."

जयवंतरावांनी मिशीवरून बोट फिरवलं. "रविवारी जा. आणि एकटी जाऊ नकोस."

रविवारी तिचा नवरा माधव तिला स्कूटरवरून घेऊन गेला. माधव बाजव्याच्या बाजूला एका कारखान्यात प्रयोगशाळेत होता. आठवडाभर तेलाचा वास सोसलेला माणूस. नदीवर जायचं म्हटल्यावर त्यानं सोबत पुऱ्या आणि छुंदा घेतला. काठावर उतरायची पायवाट चिमणाबाईंच्या घरावरून जात होती. म्हाताऱ्या चिमणाबाई अंगणात पापड वाळत घालत होत्या. त्यांच्या पडवीच्या भिंतीवर गेरूनं ओढलेल्या रेघा होत्या, एकीवर एक.

"प्रत्येक पुराची एक," त्या म्हणाल्या. "ही सगळ्यात वरची गेल्या वर्षीची. पलंगावर पलंग चढवून बसले होते मी."

"मग आता झाडं काढायची म्हणतात, ते बरं होईल का?" निरुपमानं विचारलं.

"काढा की! सकाळपासून अंगणात सावली. पापड काय वाळतायत माझे!"

ती हसत खाली उतरली आणि थबकली. खालच्या वाळूवर एक मगर ऊन खात पसरली होती, एखाद्या जाड्या पाहुण्यानं ओसरीवर ताणून द्यावी तशी. नवरा-बायको काठावरच बसले. पुऱ्या खाऊन झाल्या, छुंदा संपला, तेव्हा कुठं मगर कंटाळून पाण्यात सरकली.

मग निरुपमा खऱ्या अर्थानं नदीत उतरली. साडी खोचून, चपला हातात घेऊन. आणि बारा वर्षं पडद्यावर पाहिलेली नदी तिला पहिल्यांदा दिसली. बेशरमीची झुडपं सगळीच्या सगळी एका दिशेला आडवी झाली होती, कंगव्यानं विंचरल्यासारखी. त्यांच्या दांड्यांवर गेल्या पुराचा गाळ आणि चिंध्या तशाच होत्या. पण त्या आडव्या दांड्यांतून नवे कोंब सरळ वर निघाले होते, जांभळी फुलंही आली होती. झुडपं मोडली नव्हती. पाणी आलं तशी ती निजली होती आणि पाणी गेल्यावर उठली होती. त्यांच्या मागच्या उंचवट्यावर बाभळी आणि करंज मात्र ताठच उभे. त्यांच्या खोडांवर चिखलाची रेघ होती, पण एकही कललेला नव्हता.

"माधव," ती ओरडली, "आमची झाडं वाकतच नाहीत!"

"कुठली झाडं?"

"संगणकातली! लहान पुरात झुडूप उभं राहतं, पाण्याला अडवतं. मोठ्या पुरात ते आडवं होतं, पाणी वरून निघून जातं. आणि आम्ही त्याला दोन्ही वेळेला तोच आकडा देतो. त्याला वाकूच देत नाही."

माधवला सगळं कळलं नाही, पण चिखलात गुडघाभर उभी राहून हातवारे करणारी बायको त्याला फार आवडली. लग्नानंतर इतकी वर्षं ती ऑफिसची गोष्ट सांगायची ती कागदासारखी कोरडी असायची.

आता प्रश्न असा, की कुठलं झाड किती वाकतं आणि किती अडवतं, हे मोजायचं कसं? विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत काचेचा कालवा होता, पण तो हातभर रुंद. त्यात बेशरमीची एक काटकी मावली असती, झुडूप नाही. वाहत्या नदीत उतरून मोजावं, तर मगरी.

सुभानपुऱ्याच्या घरी रात्रीच्या जेवणाला ती हेच बोलत होती. सासूबाई विमलाताई शांतपणे भाकरी मोडत होत्या. साठी उलटलेल्या विमलाताई अनेक वर्षं जवळच्या क्लबाच्या तलावावर बायकांच्या बॅचला पोहायला जात. पाण्यावरचं त्यांचं प्रेम देवावरच्या प्रेमाच्या किंचित वर होतं.

"पाणी वाहायलाच पाहिजे का गं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"मी पोहते तेव्हा पाणी जागचं हलत नाही. मी हलते. पण अंगाला पाणी लागायचं ते लागतंच ने?"

निरुपमाचा घास हातात राहिला. झाड उभं आणि पाणी पळतंय काय, किंवा पाणी उभं आणि झाड ओढत नेलं काय, झाडाला लागणारा जोर एकच. हे ती कॉलेजात शिकली होती, परीक्षेत तिनं लिहिलं होतं आणि मग विसरून गेली होती.

"आई," ती म्हणाली, "तुमचा तलाव किती लांब आहे?"

तलावाचे व्यवस्थापक फत्तेसिंहराव. तरुणपणी आखाड्यात नाव काढलेला गडी, मान खांद्यांतच रुतलेली. तलावाच्या निळ्या फरशांवर ते जीव ओवाळून टाकायचे.

"पाण्यात काय घालायचंय म्हणालात?"

"फांद्या," निरुपमा म्हणाली.

"कसल्या?"

"करंजाच्या. बेशरमीच्या. थोड्या बाभळीच्या."

"बाभळीच्या! ताई, काटे असतात! उद्या कोणाच्या पायात गेला तर लोक मला फाडून खातील."

विमलाताई पुढं झाल्या. "फत्तेसिंहराव, या आठवड्यात तुम्ही तलाव रिकामा करून धुवायला काढणार आहात ने?"

"हो."

"मग धुण्याआधी जरा मळला तर तुमचं काय बिघडलं? काटे मी स्वतः वेचीन."

फत्तेसिंहरावांनी एकदा निळ्या फरशांवरून नजर फिरवली. "दुपारचं करा," ते म्हणाले, "बॅच नसते तेव्हा. आणि बेशरमीचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी निरुपमानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ट्रकच्या टायरच्या दोन ट्यूबा फुगवून त्यांच्यावर फळी बांधली. फळीच्या खाली फांदी उलटी टांगली, म्हणजे ती पूर्ण पाण्यात बुडेल. फळीला दोरी, आणि दोरीच्या मध्ये गल्लीतल्या पस्तीवाल्याकडून आणलेला स्प्रिंगचा लटकता काटा. रद्दी तोलायचा काटा आता पाण्याचा जोर तोलणार होता. पस्तीवाला स्वतःही बघायला येणार म्हणत होता, त्याला कसंबसं परतवलं.

पहिल्या दिवशी दोरी फत्तेसिंहरावांनी ओढली. काठाकाठानं चालत गेले तोवर ठीक होतं. "आता जरा जोरात," निरुपमा म्हणाली. ते भराभर चालले. "पुराचं पाणी याहून जोरात असतं, राव." मग ते धावले. ओल्या फरशीवर तिसऱ्याच ढांगेला पाय सटकला आणि आखाड्यात कधी पाठ न टेकलेले फत्तेसिंहराव दोरीसकट पाण्यात आडवे झाले. पाण्याची अशी लाट उठली, की करंजाची फांदी, ट्यूबा आणि काटा सगळं कडेला लागलं. विमलाताई हसून हसून पायरीवर बसल्या. फत्तेसिंहराव वर आले ते तोंडातून पाण्याची चूळ टाकतच, आणि क्षणभर सगळ्यांना वाटलं, संपलं.

"असं नाही चालणार," ते म्हणाले. "माणूस एका वेगानं धावत नाही. सायकल आणतो."

त्यांनी सायकल आणली, मागच्या चाकाचा टायर काढला आणि सायकल तलावाच्या टोकाला उलटी करून पक्की बांधली. रिकाम्या चाकाच्या खाचेत दोरीचं टोक अडकवलं. हातानं पायडल फिरवलं, की दोरी चाकावर गुंडाळली जायची आणि दुसऱ्या टोकाचं झाड पाण्यातून सरळ रेषेत यायचं. पायडल एका लयीत फिरलं की झाडही एका वेगात. लय द्यायचं काम विमलाताईंचं. शाळेत असताना त्या लेझीम खेळल्या होत्या. त्या मधोमध छातीभर पाण्यात, जरा बाजूला उभ्या राहायच्या, चष्मा नाडीनं डोक्याला बांधलेला, आणि मोठ्यानं म्हणायच्या, "एक-दोन, एक-दोन!" काटा समोरून गेला की तो वाचून ओरडायच्या. निरुपमा काठावर घड्याळ धरून लिहून घ्यायची. आधी नुसत्या ट्यूबा ओढून त्यांचा जोर किती ते काढलं, म्हणजे नंतर तो वजा करता येईल. मग बाभळीचं पान नसलेलं जाड खोड. मग करंज. मग बेशरम.

तिसऱ्या दुपारी जयवंतराव आले. रोजच्या रजेमागं काय आहे ते त्यांना बघायचंच होतं. दारातूनच त्यांना दिसलं ते असं: एक पैलवान उलटी सायकल फिरवतोय, एक वयस्कर बाई पाण्यात उभी राहून लेझमीचे ठेके देतेय, आणि त्यांच्या ऑफिसातली सर्वांत गंभीर इंजिनिअर काठावर उड्या मारत ओरडतेय, "दुप्पटच! चौपट नाही, दुप्पटच!"

"काय चाललंय हे?" जयवंतराव म्हणाले.

फत्तेसिंहराव त्यांना ओळखत नव्हते. "अहो, उभे काय राहिलात? ती फांदी धरा. सुटतेय."

जयवंतरावांनी फांदी धरली. इस्त्रीचा बुशकोट कोपरापर्यंत भिजला.

निरुपमानं त्यांना काठावर बसवून सगळं दाखवलं. ताठ खोड दुप्पट वेगानं ओढलं की काटा चौपट खाली जातो. प्रोग्रामही तेच धरून चालतो. पण बेशरम दुप्पट वेगानं ओढली की ती दांड्या मागे टाकते, पानं एकमेकांवर मिटते आणि काटा जेमतेम दुप्पट होतो. करंज दोघांच्या मधला. फांद्या ताठ राहतात, पण पानं माशाच्या शेपटीसारखी मागे जुळतात.

"साहेब, तुमच्या प्रोग्राममधलं सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "फक्त त्यातलं प्रत्येक झाड दगडाचं आहे."

जयवंतरावांनी पाण्यातल्या बेशरमीकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं असावं असं निरुपमाला वाटलं. मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला घेतली.

"परत एकदा ओढा," ते म्हणाले. "सायकल मी फिरवतो. बेशरम मिटताना मला दिसली पाहिजे."

त्या दुपारी ते इतके खुशीत आले, की लय चुकवली म्हणून विमलाताई त्यांना पाण्यातूनच दोनदा रागावल्या.

प्रोग्राम बदलायला त्यानंतर बरेच दिवस लागले. दोघं एका संगणकापुढं दोन खुर्च्या लावून बसत. जयवंतराव आपलीच जुनी ओळ पुसताना "हे मी का लिहिलं होतं बरं?" असं पुटपुटत, आणि निरुपमा नवी ओळ टाके. आता प्रत्येक कापाला एकाच्या जागी तीन गोष्टी सांगायच्या होत्या: तिथं ताठ खोडं किती दाट, झुडपं किती उंच, आणि पानं जमिनीपासून किती उंचीवर सुरू होतात. शेवटची गोष्ट निरुपमाला फार आवडायची. करंजाचं लहान पुरात नुसतं खोड भिजतं, पाणी फांद्यांपर्यंत चढलं की मगच पानं पाण्यात येतात. म्हणजे झाड पुराला प्रत्येक उंचीवर निराळं भेटतं. हे मोजायला ती आता दर रविवारी काठावर जाई, आणि चिमणाबाई तिला पापडाची राखण करायला बसवून खुशाल डुलकी काढत.

मग एका सकाळी तिनं दोन्ही पूर चालवले. लहान पूर चिमणाबाईंच्या खालच्या रेघेपाशी थांबला. मोठा वरच्या रेघेपाशी. आकडा मध्ये कुठंही न हलवता. निरुपमानं खुर्ची मागे सरकवली आणि खिडकीतल्या तुळशीकडे बघून मोठ्यानं हसली. बाहेरची मंडळी आत डोकावली. "शुं थयुं, बेन?" कोणीतरी विचारलं. "वाकली," ती म्हणाली, "झाडं वाकली!"

खरी गंमत पुढं होती. आता पडद्यावर काठाची सगळी झाडं काढून पाहिली, तर मोठ्या पुरात पाणी वीतभरही उतरेना. उंचवट्यावरच्या बाभळी आणि करंज पाण्यात येत, पण तिथं पाणी मुळात संथ. अडवायला फारसं काही नव्हतंच. मग मोठ्या पुरात पाणी चढत होतं कशानं? निरुपमा एकेक काप तपासत खाली गेली आणि खालच्या पुलाच्या अलीकडे अडकली. तिथं नदी निम्म्यानं अरुंद झाली होती. दुसऱ्या दिवशी ती आणि जयवंतराव जाऊन उभे राहिले. पाडलेल्या घरांच्या विटा, रोडे, सिमेंटचे तुकडे, वर्षानुवर्षं कोणी ना कोणी आणून ओतलेले. त्यावर गवत उगवलं होतं, म्हणून सर्व्हेच्या नकाशात तो काठच समजला गेला होता.

बैठकीत खात्याचे इंजिनिअर समोर बसले होते, थकलेले आणि घाईत. निरुपमानं तलावापासून सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"बेन, सीधी वात करो ने. झाड कापवां के नहीं?"

निरुपमानं जयवंतरावांकडे पाहिलं. आजवर बैठकीत तेच बोलत आले होते. जयवंतरावांनी चहाचा कप उचलला आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

"नाही," निरुपमा म्हणाली. "झाडं राहू द्या, ती काठ धरून ठेवतात. आधी पुलाजवळचा ढीग उचला. आणि पात्राच्या मधली बेशरम पावसाळ्याआधी काढा, लहान पुरात तीच पाणी अडवते."

"ढीग उचलल्यावर पाणी किती उतरेल?"

तिनं सांगितलं. त्यांनी ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, झाडं तोडण्यापेक्षा ढीग उचलणं तसं सोपंच आहे, झाडांना परवानग्या फार लागतात. निरुपमाला वाटलं होतं आपल्याला तासभर भांडावं लागेल. तो तासभर त्यांनी मग बेशरमीच्या फुलांबद्दल आणि मगरींबद्दल गप्पा मारण्यात घालवला.

ढीग उन्हाळ्यात उचलला गेला. सगळा नाही, पण बराचसा. आणि त्याच श्रावणात नदीच्या वरच्या अंगाच्या धरणातून पाणी सुटलं. दुपारी फोन आला तसे निरुपमा आणि जयवंतराव चिमणाबाईंच्या पडवीत जाऊन उभे राहिले. माधव कामावरून परस्पर तिथं आला, आणि विमलाताई रिक्षा करून, सोबत फत्तेसिंहरावांना घेऊन. पाणी तपकिरी, फुगलेलं, करंजांच्या पानांना लागलेलं. पानं पाण्याखाली एका बाजूला जुळून थरथरत होती. निरुपमा ती बघतच राहिली. पाणी अंगणात आलं, पायरी चढलं, दुसरी चढलं. जयवंतरावांनी निरुपमाच्या आकड्याप्रमाणं जोत्यावर खडूनं आधीच एक रेघ ओढून ठेवली होती. पाणी त्या रेघेच्या खाली चार बोटांवर घुटमळलं, जरा विचार केल्यासारखं हललं, आणि तिथंच थांबलं. उंबरा कोरडा राहिला.

फत्तेसिंहरावांनी दोन्ही मुठी वर केल्या. विमलाताईंनी सुनेला मिठी मारली. जयवंतराव खाली वाकून ती चार बोटं पुन्हा पुन्हा मोजत होते. "चार बोटं कुठून आली?" ते म्हणाले. "उद्या बघू."

चिमणाबाईंनी घरात जाऊन देवीपुढं दिवा लावला आणि साखर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवली.

"देवीनं ऐकलं," त्या म्हणाल्या.

"ऐकलं ने," निरुपमा म्हणाली आणि साखर तोंडात टाकली.

"पण झाडं काढली नाहीत तुम्ही. पापडांचं काय?"

त्या प्रश्नाला निरुपमाकडे कुठलाच आकडा नव्हता. माधवनं पुढच्या रविवारी चिमणाबाईंच्या गच्चीवर दोऱ्या आणि बाज बांधून दिली, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं.

त्यानंतर निरुपमाला कोणी आत बसायला सांगितलं नाही. दोन-तीन वर्षांत दुसऱ्या गावांच्या नद्या येऊ लागल्या. कुठं ऊस पाण्यात उभा, कुठं बांबूची बनं. ऑफिसात दोन नवीन मुली इंजिनिअर म्हणून आल्या. त्यांची मुलाखत जयवंतरावांनी घेतली, पण "चिखलाची भीती वाटते का?" एवढा प्रश्न विचारायचं काम निरुपमानं स्वतःकडे ठेवलं.

आणि मग खंभातच्या आखातातल्या एका खाडीचं काम आलं. भरतीचं पाणी खारफुटीच्या रानातून किती आत शिरतं, ते काढायचं होतं. ओहोटीच्या वेळी सगळे जीपमधून उतरले तेव्हा समोर नुसता करडा, चकचकीत चिखल, आणि त्यातून वर आलेली खारफुटीची मुळं, बोटांसारखी, हजारोंनी. जयवंतराव आता काठी घेऊन चालत. ते काठावर छत्रीखाली बसले आणि तिथूनच वाद घालू लागले.

"ही मुळं ताठ धरायची, की वाकणारी?"

"बघून सांगते," निरुपमा म्हणाली. सलवार वर खोचून तिनं पाय टाकला तो मांडीपर्यंत आत गेला. दोन्ही मुली "मॅडम!" म्हणून ओरडल्या. तिला हसू आवरेना. तशीच हात टेकून ती पुढं सरकली, एक मूळ बोटानं वाकवून पाहिलं, सोडलं, ते टणकन सरळ झालं.

"ताठ!" ती ओरडली. मग जरा पुढं जाऊन दुसरं धरलं, कोवळं. "आणि हे नाही! साहेब, इथं दोन्ही आहेत!"

काठावरून जयवंतरावांनी काठी हलवली. "मग अजून आत जा," ते म्हणाले. "भरतीला वेळ आहे."